घरच्या सशाचा आहार : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या महिन्याच्या जमाखर्चात घरभाडे, शाळेची फी, गाडीचा हप्ता आणि गावी पाठवायचे पैसे हे मोठे आकडे ठरलेलेच असतात. त्यांना हात लावता येत नाही. मग कात्री लागते ती लहानसहान खर्चांना. ज्या घरांत मुलांच्या हट्टापायी ससा आलेला आहे, तेथे सशाच्या खाण्याचा खर्च हा असाच एक लहानसहान खर्च. सूक वाकिफच्या पक्षीबाजारातून ससा आणताना तो स्वस्त वाटतो. पण त्याची आयात केलेली पाकिटे महिनोन् महिने विकत घ्यावी लागतात, तेव्हा हिशेब जाणवू लागतो. ससा नीट सांभाळला तर आठ ते दहा वर्षे जगतो, म्हणजे हा खर्चही तितकी वर्षे चालणारा आहे.

आमच्या घरी दोन ससे आहेत. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, "सशाला उरलेली पोळी चालते का हो?", "पाकिटातल्या खाण्यात थोडे हरभरे मिसळले तर पुरवठ्याला येईल का?" या प्रश्नांमागे काटकसर असते, आणि काटकसर ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र चुकीच्या जागी केलेली काटकसर सशाच्या जिवावर बेतू शकते. सुदैवाने सशाच्या बाबतीत स्वस्त आणि हितकारक या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. त्या कशा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सशाचे पोट कसे चालते

ससा हा गवत खाणारा प्राणी आहे. त्याचे पुढचे आणि दाढेचे असे सर्वच दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दात आपोआप झिजतात. मऊ किंवा पिठूळ खाणे दोन-चार चाव्यांत संपते. दात झिजत नाहीत, वेडेवाकडे वाढतात आणि जिभेला, गालाला टोचू लागतात. मग ससा खाणेच सोडतो.

दुसरी गोष्ट आतड्यांची. सशाच्या पोटात आंधळ्या आतड्याची एक मोठी पिशवी असते. तेथील जिवाणू चाऱ्यातील पचायला जड भाग आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या ससा थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. हे पाहून पुष्कळांना किळस येते, पण ते त्याच्या पचनाचे अंगच आहे. त्यातून त्याला 'ब' आणि 'के' जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. म्हणूनच निरोगी सशाला जीवनसत्त्वांचे थेंब, खनिजांचे खडे, मिठाच्या चकत्या यांपैकी कशाचीही गरज नसते. हा खर्च आजपासून बंद करावा.

ही आतडी सतत हलती राहण्यासाठी तंतुमय चारा लागतो. पिष्ट आणि साखर जास्त झाली की जिवाणूंचा तोल बिघडतो, वायू धरतो आणि आतडी मंदावतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे खाणे बाहेर टाकण्याचा मार्गही त्याच्यापाशी नाही. पोळी, भाकरी, भात, पोहे, हरभरे, मका, बिस्किटे ही सर्व याच कारणाने वर्ज्य. ती घरात उरतात, म्हणून फुकट वाटतात एवढेच.

दिवसाचे माप

पूर्ण वाढलेला, दोन किलो वजनाचा ससा धरून माप असे :

वाळलेले गवत – हवे तितके, दिवसरात्र समोर. रोज साधारण सशाच्या अंगाएवढा ढीग. वजनात सुमारे १०० ग्रॅम. सांडलवंड धरून महिन्याला ४ किलो.

पाकिटातील गोळी खाद्य – वजनाच्या दर किलोमागे रोज जास्तीत जास्त २५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो.

हिरवा पाला – दोन मोठ्या मुठी, दोन-तीन प्रकार मिळून.

फळ किंवा गाजर – अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, तोही आठवड्यातून एक-दोनदा. ससा आणि गाजर ही जोडी चित्रांतली आहे; गाजरात साखर बरीच असते. खजुराच्या बाबतीत तर अधिकच जपावे. रमजानच्या दिवसांत घरोघरी खजूर असतो आणि मुले कौतुकाने सशाला भरवतात.

बहुतेक घरांत उलटे चित्र दिसते. गोळी खाद्याची वाटी सकाळ-संध्याकाळ काठोकाठ भरलेली आणि गवत मात्र खाली अंथरण्यापुरते. वाटी भरण्याऐवजी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदा ५० ग्रॅम मोजून पाहा. माझ्याकडे त्या मापाचा एक जुना चहाचा कप ठरवून ठेवला आहे, त्यामुळे मुलांनी वाढले तरी चूक होत नाही. रोज १०० ग्रॅम वाढणाऱ्या घराचे महिन्याला दीड किलो महाग खाद्य या एका सवयीने वाचते. हे कमी करणे मात्र हळूहळू, दहा ते चौदा दिवसांत करावे आणि ससा त्या प्रमाणात गवत जास्त खातो आहे ना, याकडे लक्ष ठेवावे.

गोळी खाद्य घेताना सर्व गोळ्या एकसारख्या दिसणारे, साधे आणि पाकिटावर तंतूंचे प्रमाण १८ टक्के किंवा अधिक लिहिलेले निवडावे. रंगीबेरंगी दाणे, मक्याचे पोहे आणि वाटाणे यांचे मिश्रण टाळावे. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे दीड वर्ष सशांचे चार गट वेगवेगळ्या आहारावर ठेवले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत अशा मिश्रणावर वाढलेल्या सशांमध्ये दातांचे विकार आढळले. ससा मिश्रणातील गोड दाणे वेचून खातो आणि बाकीचे तसेच ठेवतो, म्हणजे पैसेही वाया जातात.

गवत घेताना : नावांचा घोटाळा

खरी बचत गवतात आहे आणि कतारमध्ये खरा घोटाळाही गवतातच होतो. चाऱ्याच्या दुकानात जाण्यापूर्वी चार शब्द पाठ करावेत.

'जत' किंवा 'बरसीम' : इथे या नावांनी जो हिरवा चारा मिळतो तो बहुधा आपल्याकडचा लसूणघास. भारतात बरसीम म्हणतात ती वनस्पती वेगळी. लसूणघास इथल्या शेतांवर पिकतो आणि सहज मिळतो, म्हणून पुष्कळ जण मोठ्या सशाला रोज तोच घालतात. त्यात प्रथिने व कॅल्शियम गवताच्या मानाने फार जास्त असते. ससा चाऱ्यातले कॅल्शियम गरज असो वा नसो शोषून घेतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो. त्यामुळे लघवी दाट, खडूच्या पाण्यासारखी होते आणि पुढे खडे होऊ शकतात. सहा महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिलांना आणि व्यालेल्या मादीला लसूणघास उत्तम. मोठ्या सशाला तो खाऊ म्हणून चिमूटभरच.

'रोडस' : हे ऱ्होड्स गवत. आखातात गुरांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. हे खरे गवत असल्यामुळे मोठ्या सशाच्या रोजच्या आहाराला चालते. पाकिटातून येणाऱ्या टिमोथी गवताची जागा ते बऱ्याच अंशी घेऊ शकते. जाड, काडीसारखे झालेले न घेता पानाचा भाग जास्त असलेले, हिरवट घ्यावे.

'तिबन' : गव्हाचा किंवा जवाचा भुसा. यात पोषण जवळजवळ नसते. पिंजऱ्यात अंथरायला छान, पण गवताऐवजी खायला नको.

'शईर' आणि 'नुखाला' : पहिला जव, दुसरा गव्हाचा कोंडा. दोन्ही गुरांसाठी ठीक. सशाच्या ताटात त्यांची जागा नाही.

आता हिशेब. दुकानागणिक आणि हंगामागणिक भाव बदलतात, म्हणून मी पद्धत सांगते. कोणत्याही पाकिटाची किंमत भागिले वजन, म्हणजे किलोमागे भाव काढावा. समजा, एक किलोचे आयात पाकीट ३० रियालला आहे आणि १५ किलोचा गठ्ठा ४५ रियालला. पाकिटाचा भाव किलोला ३० रियाल, गठ्ठ्याचा ३. महिन्याला ४ किलो लागत असेल तर १२० रियालच्या जागी १२. आपल्या दुकानातले आकडे घालून हाच हिशेब करून पाहा. गठ्ठा एकट्याला फार होत असेल तर तीन-चार कुटुंबांनी मिळून घ्यावा. आपल्या मंडळात डाळ-तांदळाची पोती वाटून घेण्याची पद्धत आहेच, त्यातलाच हा प्रकार.

गोळी खाद्याचे मोठे पोते मात्र हिशेब न करता घेऊ नये. २५ किलोचे पोते एका सशाला रोज ५० ग्रॅमप्रमाणे ५०० दिवस पुरेल. तोवर त्यातली चरबी खवट होते आणि जीवनसत्त्वे उतरतात. पोते फोडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच घ्यावे, नाहीतर वाटून घ्यावे.

स्वयंपाकघरातला पाला

आपल्या स्वयंपाकघरातून रोज जे कचऱ्यात जाते त्यात सशाचा अर्धा हिरवा आहार असतो. कोथिंबिरीची देठे, पुदिन्याच्या काड्या, शेपूची आणि मेथीची देठे, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पाने हे सर्व स्वच्छ धुऊन, पाणी निथळवून द्यावे. कोबी आणि फ्लॉवरची पाने थोडी, कारण काही सशांना त्यांनी वायू धरतो. इथल्या बाजारात मिळणारी 'जरजीर' आणि 'बकदुनिस' म्हणजे पार्सली, यांच्या जुड्याही सशाला चालतात. पालक, बीटची पाने आणि चुका यांत ऑक्झॅलेट जास्त, म्हणून ती क्वचितच. पार्सलीतही कॅल्शियम बरेच असते, म्हणून ती आलटूनपालटून द्यावी.

काही गोष्टी मुळीच देऊ नयेत : कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाटा व त्याचा पाला, अळू, ॲव्होकॅडो आणि सफरचंदाच्या बिया. फोडणीचे, मिठाचे, शिजवलेले काहीही नको. कुजकी, चिकट झालेली भाजीही नको. जे आपण "सशाला चालेल" म्हणून बाजूला काढतो ते आपण स्वतः खाऊ शकलो असतो इतके ताजे असावे.

नवा पाला एका वेळी एकच, दोन-चार पानांपासून सुरू करावा. चोवीस तासांत लेंड्या मऊ झाल्या नाहीत तर हळूहळू वाढवावा.

हिवाळ्यात अल मझरुआ, अल वकरा आणि अल खोर येथे भरणाऱ्या शेतमालाच्या बाजारांत स्थानिक भाजी ताजी असते आणि मुळा, गाजर पाल्यासकट मिळण्याची शक्यता जास्त. भाजीवाल्याला सांगितले तर काढून टाकलेला पाला तो बहुधा आनंदाने देतो.

रस्त्याकडेच्या हिरवळीवरून किंवा बागेतून गवत तोडून आणण्याचा मोह मात्र टाळावा. दोह्यातील पुष्कळशा हिरवळीला प्रक्रिया केलेले सांडपाणी घालतात, औषध फवारणीही होते. शिवाय कुंपणाला लावलेली कण्हेर आणि माळावर उगवणारी रुई या दोन्ही विषारी आहेत. मुलांना ही दोन झाडे दाखवून ठेवावीत.

ट्रेमधला चारा

नवरात्रात घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो आणि नवव्या दिवशी हिरवेगार कोंब वर येतात. सशासाठी हेच वर्षभर करता येते. मूठभर गहू रात्रभर भिजवावेत, पसरट ट्रेमध्ये दोन बोटे माती घालून दाट पेरावेत, पाणी शिंपडून खिडकीशी ठेवावेत. आठ-दहा दिवसांत वीतभर गवत येते. कात्रीने पाती कापून द्यावीत. खालचे दाणे देऊ नयेत. चार-चार दिवसांच्या अंतराने दोन ट्रे लावले की खंड पडत नाही. मुळाशी पांढरी बुरशी दिसली तर सगळा ट्रे टाकून द्यावा. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बाल्कनीत धने आणि मेथीही चांगली येते. मुलांना जबाबदारी शिकवण्यासाठी याहून सोपे काम नाही.

साठवण आणि नासधूस

दोह्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवा दमट होते आणि गवताला बुरशी लागते. गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. जुन्या चादरीच्या खोळीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात, एसी असलेल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावे. चांगल्या गवताला गोडसर वास येतो. कुबट वास, काळे डाग किंवा झटकल्यावर धूर उडावा तशी धूळ दिसली तर ते गवत फेकावे. तेथे काटकसर नाही. गोळी खाद्य मात्र हवाबंद हवे. दिवाळीचे चकलीचे डबे वर्षाचे दहा महिने रिकामेच असतात.

तुडवलेले, ओले झालेले गवत ससा खात नाही. म्हणून गवत जमिनीवर न टाकता जाळीत अडकवून, त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या वर ठेवावे. ससा खाताखाता शी करतो, ट्रे तिथेच कामी येतो आणि खाली सांडलेले गवत अंथरूण होते. ट्रेत आधी जुने वर्तमानपत्र घालावे. रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून दिले की विकतचे खेळणे लागत नाही.

एकाच पाकिटावर अवलंबून राहू नये

५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि अबू सामरा येथील जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली. त्या वेळी इथे असलेल्यांना दुधाची रिकामी कपाटे आठवत असतील. जुलैत बलदना कंपनीने चक्क विमानाने गायी आणल्या. ती कोंडी जानेवारी २०२१ मध्ये संपली, पण आयातीवर जगणाऱ्या देशात कोणतेही पाकीट कधीही नाहीसे होऊ शकते, हे सगळ्यांनाच कळले. सशाचे खाणे एकाएकी बदलले तर पोट बिघडते. म्हणून दोन प्रकारच्या गवताची त्याला आधीपासून सवय असावी आणि घरात निदान दोन आठवड्यांचा साठा असावा. नवे गोळी खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत दहा-चौदा दिवसांत बदलावे.

जेथे हात आखडू नये

पहिली गोष्ट थंडावा. सशाला घाम येत नाही. साधारण २८-३० अंशांच्या पुढे त्याला उष्णतेचा त्रास होऊ लागतो, आणि इथला उन्हाळा आपल्याला माहीत आहेच. विजेच्या बचतीसाठी त्याला बाल्कनीत ठेवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे नळाचे पाणीही कढत येते. पाणी आधी घरात भरून निववावे आणि मगच पसरट वाडग्यात ठेवावे.

दुसरी गोष्ट डॉक्टर. सशाने बारा तास काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या किंवा अगदी बारीक झाल्या, हनुवटी लाळेने ओली दिसली, तर ते "उद्या बघू" म्हणण्याचे दुखणे नव्हे. तो प्राणी दुखणे लपवतो. आपल्याला दिसते तोवर उशीर झालेला असतो. ससे तपासणारा पशुवैद्य आधीच विचारून ठेवावा, कारण प्रत्येक दवाखाना ससे पाहत नाही. गोळी खाद्यात आणि गवतात वाचलेले पैसे दर महिन्याला एका पाकिटात टाकत गेले की वर्षाअखेरीस तपासणीपुरती रक्कम जमते. माझ्या मते या सगळ्या काटकसरीचा खरा उपयोग तोच.

आजार लवकर ओळखण्याचा बिनखर्ची उपाय म्हणजे वजन. दर शुक्रवारी ससा टोपलीत घालून स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवावा आणि कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहावा. खाणे बदलल्यावर वजन सतत घटत असेल तर बदल थांबवून डॉक्टरांना विचारावे.

सुट्टीवर जाताना

जुलै-ऑगस्टमध्ये आपण गावी जातो तेव्हा ससा शेजारी किंवा मित्रांकडे राहतो. त्यांना तोंडी सांगून भागत नाही. एका कागदावर लिहून द्यावे : गवत सतत, गोळी खाद्य या कपाने एकदाच, पाला कोणता आणि किती, काय द्यायचे नाही, पाणी रोज बदलणे, एसी चालू ठेवणे, आणि डॉक्टरांचा फोन. सोबत सगळ्या दिवसांचे खाद्य मोजून, पुड्या बांधून द्यावे. पाहुण्या घरी प्रेमापोटी पोळी भरवली जाते, तेवढे मात्र मोठ्या अक्षरांत लिहावे. देश कायमचा सोडायची वेळ आली तर काही महिने आधीपासून सशासाठी घर शोधावे. त्याला बागेत सोडून देणे ही सुटका नव्हे. पाळीव ससा या उन्हात टिकत नाही.

थोडक्यात, गवतावर सढळ हात, गोळी खाद्यावर माप, स्वयंपाकघरातल्या पाल्याचा उपयोग आणि धान्याला पूर्ण मज्जाव, एवढे सांभाळले तर खर्च निम्म्याच्या आसपास यायला हरकत नाही. ज्यांना गवताचा गठ्ठा वाटून घ्यायचा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकमेकांना जरूर भेटावे.